बोटीवर "किती माणसं बसतील" हे लिहिलेलं कुठं दिसते का? (तलावांवरच्या बोटी अन् सरकारी मानकं)

तेलंगखेडीकर

नमस्कार मंडळी. सुट्ट्या लागल्या की खिंडसी, पेंचकडचे जलाशय, शहराजवळचे तलाव, सगळीकडे बोटिंगला रांगा लागतात अन् आता गोसीखुर्दकडंही जलपर्यटनाची चर्चा सुरू आहे, म्हणजे येत्या काही वर्षात विदर्भात मौजेसाठी चालणाऱ्या बोटी वाढणारच आहेत. चांगलंच आहे, लोकांना काम मिळते. पण ज्या बोटीत आपण लेकरं बसवून राहिलो ती बोट बांधताना कोणतं मानक पाळलं होतं का, हे कोणालाच माहीत नसते. मी या सीझनला जिथं जिथं गेलो तिथं विचारलं, उत्तर एकच, "साहेब, काही होत नाई, लाईफ जॅकेट आहे ना."

लाईफ जॅकेट पाहिजेच, त्यात वाद नाही. पण ते बोट उलटल्यावर कामाचं आहे. बोट उलटूच नये याचं काय?

जुन्या घटना आठवून पाहा. २००९ मध्ये केरळात थेक्कडीला पेरियारच्या तलावात जलकन्यका नावाची दुमजली बोट उलटली, ४५ जण गेले. काठावरचे जनावरं पाहायला वरच्या मजल्यावरचे लोक एका बाजूला सरकले अन् बोट कलंडली. पर्यटक जनावरं पाहायला सरकणारच, त्यासाठीच तर ते आलेले असतात, मग दुमजली बोट तेवढं सरकणं सहन करते की नाही हे पाण्यात सोडायच्या आधीच तपासायला नको होतं का? २०२३ मध्ये तानूरला अटलांटिक नावाची बोट गेली, २२ जण, त्यात लहान लेकरं किती. ती मुळात मासेमारीची बोट, वर मजला चढवून पर्यटकांची केली होती. जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल, १२ मुलं अन् २ शिक्षिका. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या उजनीत वादळी वाऱ्यानं बोट उलटली, ६ जण गेले. आणि नागपूरकरांना वेणा जलाशय सांगायची गरज नाही, जुलै २०१७, तरुण पोरं, मोबाईलवर फेसबुक लाईव्ह सुरू अन् बोट उलटली.

यात पोहणं, जॅकेट, दारू, सेल्फी ह्या सगळ्याची चर्चा झाली. बोटीचा काठ पाण्यापासून किती उंच होता, माणसं एका बाजूला आली तर ती किती कलते, पाणी भरल्यावर तरंगते की बुडते, ह्यावर फार कमी बोललं गेलं.

आता बाहेर काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण मुद्दा तिथंच आहे. अमेरिकेत १९७१ साली फेडरल बोट सेफ्टी ॲक्ट आला अन् त्यांच्या कोस्ट गार्डला मौजेच्या बोटी कशा बांधायच्या याचे नियम करायचा अधिकार मिळाला. २० फुटांखालच्या बहुतेक मोटर बोटींवर एक पाटी लावणं बंधनकारक झालं, किती माणसं, एकूण किती वजन, आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायची मोटर) असेल तर किती हॉर्सपॉवरपर्यंत. त्याच मापाच्या आउटबोर्डवाल्या बोटींना अशी फोमची व्यवस्था लागते की आत पाणी भरलं तरी बोट सपाट तरंगत राहिली पाहिजे अन् माणसं तिला धरून थांबू शकली पाहिजेत. गंमत म्हणजे यातले बरेचसे तांत्रिक नियम सरकारनं शून्यातून नाही काढले, बोट बांधणाऱ्यांची अन् जाणकारांची एक संस्था १९५४ पासून ऐच्छिक मानकं लिहीतच होती, त्याच अनुभवाचा पाया मिळाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं वर्षाला दीड हजाराच्या आसपास लोक अशा बोटींच्या अपघातात जायचे, आता बोटी कितीतरी वाढल्या तरी आकडा सहाशेच्या आसपास येतो. सगळं श्रेय बांधणीचं नाही, जॅकेट, प्रशिक्षण हेही आहे, पण बांधणी मोठा भाग आहे.

युरोपनं मौजेच्या बोटींसाठी १९९४ ला निर्देश काढला, जून १९९८ पासून सक्तीचा, पुढं २०१३ ला नवीन केला. तिथं अडीच मीटर ते २४ मीटरच्या बोटींना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड म्हणजे शांत पाणी, वारा ब्यूफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ४ पर्यंत, लाटा साधारण ३० सेंटीमीटर. बोटीवर वर्ग लिहिलेला, माणसं किती ते लिहिलेलं.

आपल्याकडे? आपण "साहेब, काही होत नाई" वर बसतो.

मला एवढंच म्हणायचं आहे की तलावावर पैसे घेऊन माणसं बसवायची असतील तर बोटीची भार-चाचणी अन् पाटी, या दोन गोष्टी जिल्हा पातळीवर तरी सक्तीच्या व्हाव्या. जाणकारांनी लिहा.

बर्डीचा_वाटसरू

भाऊ मुद्दा पटला पण अमेरिका युरोपचे नियम आपल्या तळ्यात काहून आणता? तिथं समुद्र आहे, तिथं लोकांच्या घरोघरी बोटी. आपल्याकडे एका तलावावर दहा-पंधरा पेडल बोटी अन् दोन मोटर बोटी. ठेकेदार इतका खर्च कुठून करणार, तो ठेका सोडून देईल, मग पोरं डोंग्यात बसून फोटो काढतील, ते आणखी वाईट.

रेझिन_हार्डनर

मी हिंगण्याकडे फायबरचं काम करतो, पाण्याच्या टाक्या, टॉयलेट केबिन, अन् मधून मधून पेडल बोटी. म्हणून आतली गोष्ट सांगतो.

ऑर्डर येते तेव्हा गिऱ्हाईक तीनच गोष्टी विचारते. रेट काय, रंग कोणता, किती दिवसात. कोणी म्हणत नाई की भाऊ फायबरच्या मॅटचे थर किती टाकशील. जुन्या बोटीवरूनच साचा काढतात, त्या बोटीचं डिझाईन कोणाचं, ते कोणालाच माहीत नाई. मग साच्याला एक फूट लांबवा, बदकाची मान मोठी करा, वर छत टाका, हे सगळं गिऱ्हाईकाच्या मर्जीनं. छत टाकलं की वजन वर गेलं, वारा धरायला जागा झाली, बोट पहिल्यापेक्षा लवकर कलते. हे समजायला इंजिनिअर लागत नाई पण लिहून ठेवायला कोणीतरी लागते.

फोमचं सांगतो. तळ अन् फ्लोअरच्या मधात फोम भरायचा असतो, बंद छिद्रांचा पॉलीयुरेथेन, जो पाणी पीत नाई. स्वस्तात काम पाहिजे म्हणून काही जण थर्माकोल कोंबतात. आता थर्माकोलला ओला पॉलिस्टर रेझिन लागला की तो विरघळते, पेट्रोल लागलं तरी विरघळते. वरून बोट एकदम मस्त दिसते, गेलकोट (वरचा गुळगुळीत थर) चमकते, आत पोकळी. अन् चांगला फोम असला तरी फ्लोअरला भेग पडून वर्षानुवर्षे पाणी मुरत राहिलं तर बोट जड होते, काठ खाली येते, मालकाला वाटते बोट जुनी झाली म्हणून हळू चालते. मागं मोटर लावायची फळी प्लायवुडची असते, त्यात पाणी गेलं की आतून सडते, बाहेरून समजत नाई.

दुरुस्तीसाठी माझ्याकडे एक बोट आली होती, कोणत्या तलावाची ते लिहीत नाई. फ्लोअर उघडला तर आत फोमच नव्हता. मी मालकाला सांगितलं, भरून दिला, त्यानं पैसे पण दिले, म्हणजे लोक वाईट नाईत. त्यांना कोणी विचारलंच नाई अन् सांगितलंच नाई.

तेलंगखेडीकर

@बर्डीचा_वाटसरू, खर्चाचं म्हणता तर चाचणी पाहा कशी असते. बोटीच्या स्थिरतेचं आयएसओ १२२१७ नावाचं मानक आहे, युरोपात तेच वापरतात. त्यातली एक चाचणी अशी की बोटीत जितकी माणसं बसवणार तितका भार एका बाजूला सरकवायचा अन् बोट किती कलली, काठ पाण्यापासून किती वर राहिला ते मोजायचं. थेक्कडीला नेमकं जे झालं तेच, फक्त आधी, काठाजवळ, माणसं न बसवता. याला प्रयोगशाळा नाही लागत. जहाजांच्या नियमांत एक प्रवासी ७५ किलो धरायची पद्धत आहे, तर दहा माणसांच्या बोटीला साडेसातशे किलो रेतीची पोती, एक टेप, एक फोटो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मानकाचं काटेकोर गणित वेगळं असते, ते जाणकारानं करावं, पण ही साधी चाचणी नापास झालेल्या बोटीला तर गणिताचीही गरज नाही.

अजून एक. ज्या छोट्या बोटीवर पाटी नाही तिच्यासाठी अमेरिकेत एक ढोबळ हिशोब सांगतात, लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले १५. म्हणजे १५ फूट बाय ५ फूट असेल तर ५ माणसं, तेही शांत पाण्यात. आता आपल्या डोळ्यासमोर तेवढ्या बोटीत किती जण बसलेले येतात ते तुम्हीच आठवा.

धिवरपुरा

मी भंडाऱ्याकडचा, घरात मासेमारी. धागा चांगला आहे पण एक भीती वाटते म्हणून लिहितो. असा नियम आला की पहिला दंड आमच्या डोंग्यावर बसते. आमचे लोक वैनगंगा रोज ओलांडतात, शेतात जायला, मजुरीला. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शीकडे मिरची तोडायला जाणाऱ्या बाया डोंगा उलटून गेल्या, ते काही पर्यटन नव्हतं, पूल नव्हता म्हणून डोंगा होता. त्यांना तुम्ही पाटी लावा म्हणाल तर काय होणार, पूल पाहिजे तिथं.

अन् डोंगा बांधणारे आमचे म्हातारे लोक लाकूड पाहून, पाण्यात सोडून, स्वतः एका काठावर उभे राहून तपासतात. तुम्ही सांगता ती पोत्याची चाचणी ते पायानं करतात. त्यांना अडाणी समजून नियम करू नका.

तेलंगखेडीकर

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे लिहिलं ते बरं केलं. मी फक्त तिकीट फाडून मौजेसाठी बसवतात त्या बोटींबद्दल बोलतो आहे. तिकीट घेणारा पाण्याची सवय नसलेली शहरी माणसं बसवतो, त्यांना कुठं बसायचं, कसं उठायचं, काही माहीत नसते. रोजच्या डोंग्यासाठी पूल, नाहीतर सरकारी खर्चानं चांगली नाव, दंड नाही. उलट माझं मत आहे की चाचणी करताना तलावावरच्या धिवर-भोई समाजातल्या जाणत्या माणसाला समितीत घ्यावं, मानधन देऊन.

सिव्हिल_लाईन्स

कायद्याची बाजू मांडतो, कारण "आपल्याकडे काहीच नाही" असं नाही.

देशात अंतर्देशीय जलयानांसाठी १९१७ चा जुना कायदा होता, तो बदलून इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ आला, २०२२ मध्ये लागू झाला. नदी, कालवा, तलाव यात येतात. यांत्रिक बोटीला सर्व्हे म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, नोंदणी, चालवणाऱ्याकडे पात्रतेचं प्रमाणपत्र, विमा, हे सगळं त्यात आहे. आधी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते, आता देशभर एकसारखे करायचा हेतू आहे. बिगर-यांत्रिक नावांसाठी त्याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे, तिथं राज्य सरकार अन् स्थानिक स्वराज्य संस्थांवर भिस्त ठेवली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ ला बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात पाण्यातल्या उपक्रमांची पण नोंदणी आहे.

मग अडते कुठं? आपल्या राज्यात मोटर बोटींची नोंदणी-तपासणी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, त्याचं मुख्यालय मुंबईत अन् सगळा अनुभव किनारपट्टीचा. तलाव कधी पाटबंधाऱ्याचा, कधी महापालिकेचा, कधी वनविभागाच्या हद्दीत. ठेका देणारा वेगळा, पाण्याचा मालक वेगळा, बोट तपासणारा आठशे किलोमीटरवर. ठेक्याच्या कागदात बहुतेक वेळा "ठेकेदाराने सुरक्षेची सर्व काळजी घ्यावी" अशी एक ओळ असते. त्या ओळीवर कोर्टात काही सिद्ध करणं अवघड, कारण काळजी म्हणजे काय तेच लिहिलेलं नसते. मानक म्हणजे त्या ओळीला आकडे देणं. काठ इतके सेंटीमीटर, भार इतका, फोम अमुक प्रकारचा. मग मोडलं की मोडलं हे सिद्ध होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, युरोपचा निर्देश जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्यातून पेडल बोटी चक्क वगळल्या आहेत. चालक ठेवून पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बोटी पण त्यात नाहीत, तो नियम मुख्यत्वे बाजारात विकल्या जाणाऱ्या खाजगी मौजेच्या बोटींसाठी आहे. म्हणजे आपल्या तलावांवर जे दोन प्रकार सगळ्यात जास्त, तेच नेमके बाहेर. चाचण्या तिथून घ्या, पण कक्षा आपणच ठरवायची.

वर्धेची_पोर

मी सध्या कॅनडात. इथं ट्रान्सपोर्ट कॅनडाचं टीपी १३३२ नावाचं छोट्या जहाजांच्या बांधणीचं मानक आहे. आम्ही मित्रांनी मिळून एक सेकंडहँड मोटर बोट घेतली तेव्हा विकणाऱ्यानं सगळ्यात आधी ती छोटी पाटी दाखवली, किती माणसं, किती किलो, किती पॉवरचं इंजिन. पाटी कंपनीच लावते, सरकार प्रत्येक बोट तपासायला येत नाही, पण खोटी लावली तर जबाबदार कंपनी. इथल्या लहान पोरांना पण सवय आहे, चढायच्या आधी पाटी वाचतात अन् "आपण एक जास्त आहो" म्हणून सांगतात.

आई-बाबा दरवर्षी माझ्या भाचीला घेऊन बोटिंगला जातात म्हणून विचारते, नियम यायचे तेव्हा येतील, तोपर्यंत बसायच्या आधी पाहायचं काय?

रेझिन_हार्डनर

ताई, सांगतो. बोट रिकामी असताना सरळ उभी आहे का पाहा, एका अंगावर झुकली असेल तर आत पाणी मुरलं आहे. फ्लोअरवर पाय दाबून पाहा, गादीसारखा दबला तर बसू नका. मागच्या बुचाजवळ डब्यानं पाणी उपसून राहिले असतील तर कुठंतरी गळती आहे. सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून वीतभर पण उरत नसेल तर उतरा, पैसे गेले तर गेले. दुमजली असेल तर खालीच बसा. मोटर बोटीत पेट्रोलचा वास येत असेल तर नाईच म्हणा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साचते.

लेकराचं जॅकेट लेकराच्याच मापाचं पाहिजे, मोठ्याचं घातलं तर पाण्यात ते वर सरकते अन् पोरगं खाली. दोन पायांच्या मधून पट्टा असलेलं मिळालं तर उत्तम. अन् जॅकेटवर ५० न्यूटन (तरंगवायचा जोर) लिहिलं असेल तर ते पोहता येणाऱ्याला आधार म्हणून असते, न पोहणाऱ्याला १०० किंवा त्याच्या वरचं पाहिजे.

बर्डीचा_वाटसरू

पोत्याची चाचणी वाचून माझा विरोध मावळला, एवढं तर कोणताही ठेकेदार करू शकते. पण वाऱ्याचं काय? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पाच वाजता अचानक वावटळ येते, आभाळ भरून येते, दहा मिनिटात सगळं उडवून नेते. बोट कितीही चांगली बांधली तरी.

तेलंगखेडीकर

हो, अन् गर्दी पण नेमकी त्याच वेळेला, ऊन उतरल्यावर. म्हणूनच वर्ग महत्त्वाचा. ड वर्गाची बोट म्हणजे वारा ब्यूफोर्ट ४ पर्यंत, ताशी साधारण २८ किलोमीटर. आपल्याकडच्या अवकाळीत वारा त्याच्या दुप्पट सहज जातो. बोटीवर वर्ग लिहिलेला असला की ठेकेदाराला आकडा मिळतो, याच्या वर वारा गेला की बोटी काठाला. नागपुरात प्रादेशिक हवामान केंद्र आहे, ते पुढच्या दोन-तीन तासांचे वादळी वाऱ्याचे इशारे देतात. धक्क्यावर वारामापक लावायचा अन् इशारा आला की तिकीट खिडकी बंद. आज हे सगळं चालकाच्या अंदाजावर आहे, अन् चालकाला फेरीमागे पैसे मिळत असतील तर त्याचा अंदाज कोणाच्या बाजूनं जाणार ते सांगायला नको.

बांधणीचं मानक अन् चालवायचा नियम एकमेकांना असे जोडलेले असतात, म्हणून मी बांधणीपासून सुरुवात केली.

धिवरपुरा

चालकांना महिन्याचा ठरलेला पगार द्या हे पण लिहा मग. वारा दिसत असताना "एक फेरी अजून" म्हणणारा चालक नसते, मालक असते. अन् गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं बोट चालवायचं अन् जीव वाचवायचं प्रशिक्षण देतात, आमच्या पोरांना सरकारी खर्चानं तिथं पाठवा, पाणी आम्हाला ओळखते पण प्रमाणपत्र नाई म्हणून कामावर बाहेरचे येतात.

तेलंगखेडीकर

घेतलं. जिल्हाधिकाऱ्यांना जे निवेदन द्यायचं त्याचा कच्चा मसुदा असा, सुधारणा सांगा:

"नागपूर जिल्ह्यातील जलाशयांवर शुल्क घेऊन प्रवासी बसवणाऱ्या सर्व मोटर बोटींची ठेका देण्यापूर्वी व त्यानंतर दरवर्षी मान्सूनपूर्व काळात भार व कल चाचणी घ्यावी. चाचणीत ठरलेली प्रवासी संख्या, एकूण वजन व वाऱ्याची मर्यादा बोटीच्या दोन्ही बाजूंना मराठीत ठळक रंगवावी. बोटीत छत, मजला वा आसनांचा बदल केल्यास चाचणी पुन्हा घ्यावी. चाचणी समितीत स्थानिक मच्छीमार सोसायटीचा प्रतिनिधी असावा. चालकास निश्चित वेतन व शासकीय खर्चाने प्रशिक्षण द्यावे. शेती व मजुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या डोंग्यांना यातून वगळावे."

सिव्हिल_लाईन्स

दोन दुरुस्त्या. "मान्सूनपूर्व" काढा, उन्हाळ्याची गर्दी मार्चच्या शेवटीच सुरू होते, चाचणी फेब्रुवारीत पाहिजे. आणि "सर्व मोटर बोटींची" च्या जागी "सर्व मोटर, वल्ह्याच्या व पेडल बोटींची" लिहा. नुसतं मोटर लिहिलं तर सगळ्यात जास्त लेकरं ज्यात बसतात ती पेडल बोट इथंही सुटेल, जशी तिकडं सुटली. प्रत मेरीटाईम बोर्डाला, पाटबंधारे विभागाला अन् महापालिका आयुक्तांना, तिघांनाही एकाच दिवशी आवक नंबर घेऊन.